तांबट आळीची पाच मिनिटं

मार्चमधल्या एखाद्या दुपारी पुण्याच्या कसबा पेठेत, तांबट आळीच्या तोंडाशी उभं राहायचं आणि ओळखायचं, हा आवाज कोणाचा? टुक्... टुक्... टुक्... एका लयीत, न दमता. तुम्ही म्हणाल, त्यात काय ओळखायचं, आळीत कुणीतरी तांब्याच्या भांड्यावर हातोडी मारतंय! बरोबर असेलही. पण जवळपास उंबर, वड किंवा पिंपळ असेल तर शेंड्याकडेही एकदा बघून घ्या. तिथं चिमणीहून थोडा मोठा, हिरवागार, कपाळावर लाल ठिपका आणि पिवळा गळा असलेला पक्षी दिसला, तर उत्तर बदलावं लागेल. हा तांबट पक्षी. आवाजामुळेच त्याला हे नाव पडलंय.

त्याच्याकडे दुर्बिणीतून बघायला मिळालं तर चोचीवर नजर ठेवा. दर टुक्‌ला मान हलते, गळ्याच्या दोन्ही बाजूंची त्वचा फुगते आणि बसते, पण चोच उघडतच नाही! मिटल्या चोचीनं तो मिनिटाला 108 ते 121 वेळा टुक् म्हणतो, आणि एका दमात दोनशेपर्यंतही जातो. मान इकडेतिकडे वळवत बोलत असल्यामुळे आवाज कधी डावीकडून, कधी उजवीकडून आल्यासारखा वाटतो. थंडीत मात्र तो जवळजवळ गप्पच असतो. ऊन तापायला लागलं की याचं दुकान उघडतं.

झाडावर एक तांबट, आळीत दुसरे, तांब्याची भांडी घडवणारे. या दोघांना घेऊन पाच मिनिटांची एक ध्वनिरचना करायची, असा आजचा बेत आहे. पेटी नको, गिटार नको, गाणं म्हणता यायची अटही नाही. लागतील दोन कान, एक वही, आलेख कागद आणि घरच्यांचा मोबाइल. आणि हो, थोडा धीर. कारण पहिल्या दिवशी काहीही रेकॉर्ड करायचं नाहीये.

असं आवाजांचं संगीत कोणी केलंय का? केलंय की! 1948 मध्ये पॅरिसमध्ये पिएर शेफर नावाचा फ्रेंच रेडिओवरचा इंजिनीअर रेकॉर्डिंगचं सामान घेऊन बातिन्योल स्टेशनवर गेला. तिथं त्यानं वाफेच्या इंजिनांचे आवाज टिपले. फुसफुस, शिट्ट्या, रुळांच्या सांध्यांवरची खडखड. त्या काळी हे सगळं तबकडीवर कोरलं जायचं. शेफरनं ते आवाज निवडून, पुन्हापुन्हा वाजवून, एकापुढे एक लावून काही मिनिटांची रचना तयार केली आणि ती रेडिओवर लागलीसुद्धा. वाद्य एकही नाही, सगळी आगगाडीच!

शेफरनं आणखी एक गंमत केली होती, ती मला त्याच्या आगगाडीपेक्षाही आवडते. त्यानं घंटेचा आवाज घेतला आणि त्यातला पहिला ठोका, म्हणजे घंटेवर टोला पडतो तेवढाच क्षण, उडवून टाकला. उरला तो फक्त मागचा घुमारा. आणि तो ऐकताना कळेना, की ही घंटा आहे! आवाज कसला आहे हे आपला मेंदू बऱ्याच अंशी त्याच्या सुरुवातीवरून ओळखतो. ठोका लागल्यावरच्या सेकंदाच्या अगदी लहानशा भागात पुष्कळ सूर एकदम उसळतात, त्यातले बरेचसे लगेच विझतात, मोजके मागे रेंगाळतात. ती उसळी कापली की ओळखपत्रच हरवलं. हा प्रयोग आज तुम्हाला घरी करता येतो. तांब्याच्या किंवा पितळेच्या भांड्यावर चमच्यानं एक टोला मारा, रेकॉर्ड करा, आणि ऑडॅसिटीसारख्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सुरुवातीचा उंचवटा कापून उरलेलं ऐका. मग आजीला ऐकवा आणि विचारा, हे काय वाजतंय. आजीनं भांडं सोडून दुसरं काहीतरी नाव घेतलं, तर समजा प्रयोग जमला.

आता आळीत शिरू. तांबट आळी ही जुन्या पुण्यातली, पेशवाईपासूनची वस्ती. हंडे, घागरी, कळश्या, पातेली, आणि न्हाणीघरातला तो मधे निखाऱ्याची नळी असलेला पाणी तापवायचा बंब, हे सगळं इथं हातानं घडलं. स्टील आणि प्लॅस्टिक आल्यावर काम फार कमी झालं, तरी ठोके थांबलेले नाहीत. इथल्या कारागिरांची एक खासियत आहे, तिला मठारकाम म्हणतात. भांडं घडून झालं की त्याच्या सबंध अंगावर एकाशेजारी एक, सारख्या अंतरावर, सारख्या जोरानं बारीक ठोके देत जायचं. प्रत्येक ठोक्याचा एक छोटा खळगा उमटतो. असे शेकडो खळगे ओळीनं बसले की भांडं उजेडात लखलखतं आणि पत्राही मजबूत होतो. या कामात हात डगमगला की खळगा चुकतो आणि लय चुकली की हात डगमगतो. म्हणजे त्या कारागिराला लय सांभाळावीच लागते.

पहिल्या दिवशी काय करायचं? आळीच्या कडेला, कोणाच्या वाटेत येणार नाही अशा जागी बसायचं आणि दहा मिनिटं ऐकू येईल ते सगळं वहीत लिहायचं. हा अभ्यास कॅनडाच्या मरी शेफर यांचा. (पॅरिसचा शेफर वेगळा, हे वेगळे. आडनावं ऐकायला जवळची आहेत एवढंच.) हे संगीतकार होते आणि मुलांना शिकवण्याची त्यांना मनापासून आवड होती. कानांच्या शंभर अभ्यासांचं त्यांचं एक पुस्तक आहे. त्यातला पहिलाच अभ्यास असा, की ऐकू येणारे सगळे आवाज लिहून काढा. मग आपली यादी शेजारच्याच्या यादीशी ताडून बघा. दोन याद्या कधीही सारख्या निघत नाहीत!

का बरं निघत नाहीत? डोळ्यांना पापण्या आहेत, कानांना नाहीत. झोपेतसुद्धा कान उघडेच असतात. कानावर पडणारं सगळंच सारखं ध्यानात येत राहिलं तर आपण वेडे होऊ, म्हणून मेंदू सतत गाळणी लावून बसलेला असतो. पंख्याची घरघर टाक, हाक मारली ती ठेव. गर्दीत कुणी आपलं नाव घेतलं तर लगेच कळतं, ते यामुळेच. मोबाइलच्या मायक्रोफोनला असं हवं-नको कळत नाही. तो जे येईल ते घेतो. म्हणून रेकॉर्डिंग घरी नेऊन ऐकल्यावर पुष्कळांना वाटतं, अरे, ही रिक्षा इतक्या मोठ्यानं कुठं वाजत होती? वाजतच होती. आपण ऐकली नव्हती.

मरी शेफर आणि त्यांच्या सोबत्यांनी 1973 मध्ये व्हँकुव्हर या समुद्राकाठच्या सबंध शहराचे आवाज टिपून त्यांची ध्वनिमुद्रिका काढली. हे काम करताना आवाजांचे तीन प्रकार त्यांनी पक्के केले. हे तीन प्रकार आपल्या वहीत फार उपयोगी पडतात.

एक, आधार. सतत असतो म्हणून कोणाचं लक्ष जात नाही, पण बाकी सगळं त्याच्यावर उभं असतं. आपल्या गाण्यात तानपुरा असतो ना, तसा. व्हँकुव्हरला तो समुद्राचा. आळीत तो बहुधा लांबच्या रस्त्यावरच्या गाड्यांचा एकजीव गुंगाट आणि वळचणीतल्या पारव्यांची गुटर्गूं असा मिळून असेल. दोन, हाक. लक्ष वेधून घेण्यासाठीच काढलेला आवाज. स्कूटरचा हॉर्न, भाजीवाल्याची आरोळी, देवळातली घंटा, कुकरची शिट्टी. तीन, खूण. त्याच जागेचा, तिथल्या माणसांना आपला वाटणारा आवाज. व्हँकुव्हरमध्ये रोज रात्री 9 वाजता एक तोफ उडते. तिथली माणसं त्या आवाजावर घड्याळ लावायची. तांबट आळीची खूण कोणती हे सांगायला नकोच.

खुणेचे आवाज नाहीसेही होतात. मुंबईच्या गिरणगावात गिरण्यांचे भोंगे व्हायचे आणि त्यावर घराघरातली चूल, डबा, शाळा चालायची. 1982 च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, भोंगे थांबले. गिरण्यांच्या इमारतींचे फोटो पुष्कळ सापडतात, पण भोंगा ऐकायचा असेल तर तो ऐकलेल्या आजोबांनाच गाठावं लागतं आणि ते तोंडानं काढून दाखवतात तेवढाच तो उरतो. पिंजाऱ्याच्या धनुकलीचा टणटणाट, दारी आलेल्या कल्हईवाल्याच्या भात्याची धाप आणि तापल्या भांड्यावर नवसागर पडल्याबरोबर उठणारी चर्र, हेही आता क्वचितच कानावर पडतं. म्हणून म्हणतो, रेकॉर्डिंग करताना सुरुवातीला मोबाइलला तोंडानं सांगा, तारीख, वेळ, जागा, कोणता आवाज. आज ते कंटाळवाणं वाटेल. वीस वर्षांनी त्या चार शब्दांना फार किंमत येईल.

दुसऱ्या खेपेला मोबाइल न्यायचा. पण आधी परवानगी. काम करणाऱ्या काकांना सरळ विचारायचं, ‘काका, तुमच्या कामाचा आवाज रेकॉर्ड करू का? आम्ही त्याची रचना करणार आहोत.’ ते नको म्हणाले तर नको. हो म्हणाले तर गप्प उभं राहायचं, कारण मधे बोललात तर तुमचाच आवाज शिरतो. आणि फार जवळ जायचं नाही. याला दोन कारणं आहेत. मोबाइलचा मायक्रोफोन मुळात बोलण्यासाठी केलेला असतो. हातोडीच्या ठोक्यात हवेचा दाब इतका एकदम वाढतो की मायक्रोफोनला तो पेलत नाही, लहरीचे शेंडे छाटले जातात आणि ठोका फाटका, खरखरीत होतो. पाचसात पावलं मागं गेलात की तोच ठोका गोल येतो.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. आपल्या एकेका कानाच्या आत, गोगलगाईच्या शंखाच्या आकाराच्या नळीत, सुमारे 15 हजार केसपेशी असतात. आवाजाचा हेलकावा त्यांना लागतो आणि त्या मेंदूकडे संदेश पाठवतात. फार मोठ्या आवाजानं त्या मरतात. गेलेल्या केसपेशी माणसात पुन्हा उगवत नाहीत. 1886 मध्ये ग्लासगोच्या डॉ. थॉमस बार यांनी बॉयलर ठोकणाऱ्या कामगारांचे कान तपासले, तर जवळपास कोणालाच नीट ऐकू येत नव्हतं. धातू ठोकणाऱ्यांच्या कानांवर हे ओझं आजही येतं. आपण भांडं हातात घेतो तेव्हा त्या चकाकीमागं कोणाचे तरी कान झिजलेले असू शकतात, आणि हे मला प्रत्येक वेळी बोचतं. कारागिरांना कानात घालायची बोंडं मिळायला हवीत आणि ती वापरलीही जायला हवीत.

आता कामाचं निरीक्षण. भांडं घडताना आवाज बदलत जातो, आणि आपल्या रचनेची गोष्ट या बदलातच दडलेली आहे. भट्टीत तापवून पाण्यात बुडवलेला पत्रा मऊ असतो. (पोलाद तापवून पाण्यात टाकलं तर कडक होतं. तांबं उलट मऊ राहतं!) मऊ तांब्यावर ठोका पडला की बद्द असा आवाज येतो आणि तिथंच संपतो, कारण मऊ धातू कंपनं स्वतःच गिळून टाकतो. ठोकत गेलं की धातूच्या आतल्या अणूंच्या सरळ रांगा विस्कटतात, एकमेकींत अडकतात. पत्रा कडक होतो आणि कंपनं लवकर विझेनाशी होतात. ठोका खणखणायला लागतो. शिवाय सपाट पत्र्याला वाटीसारखा बाक आला की तो जास्त ताठ होतो, त्यामुळे सूरही चढतो. काही वेळानं पत्रा इतका कडक होतो की आणखी ठोकला तर तडकेल. मग पुन्हा भट्टी, पुन्हा पाण्यातली चर्र, पुन्हा बद्द. डोळे मिटून बसलेल्याला नुसत्या आवाजावरून सांगता येईल की भांडं आता कुठवर आलंय.

या सगळ्यातून आपल्याकडे ढीगभर आवाज जमतील. आणि इथं बहुतेकांची गाडी घसरते. सगळेच आवाज आवडलेले असतात, म्हणून सगळेच पाच मिनिटांत कोंबले जातात. हातोडी, हॉर्न, घंटा, पारवे, भाजीवाला, सगळं एकदम. नुसता कालवा! त्यावर मग कुणीतरी मागं बासरी लावून देतं, म्हणजे गोड वाटेल. कृपा करून बासरी लावू नका.

त्यापेक्षा जंगलाकडं बघा. बर्नी क्राउज या अमेरिकन ध्वनिमुद्रकानं अनेक वर्षं जगभरच्या रानांतले आवाज टिपले. त्याच्या ध्यानात आलं, की जुन्या, न तुटलेल्या रानात प्राणी एकमेकांवर ओरडत नाहीत. किडे वरच्या पट्टीत, बेडूक खालच्या पट्टीत, पक्षी मधे. आणि पट्टी एकच असेल तर वेळ वाटून घेतलेली, एक थांबला की दुसरा. प्रत्येकाला आपली हाक आपल्या जोडीदारापर्यंत पोचवायची असते. ती दुसऱ्याच्या आवाजाखाली गाडली गेली तर उपयोग काय? रचना करणाऱ्याचं कामही हेच. कोणता आवाज घ्यायचा हे ठरवायला सोपं असतं. त्याच्यासाठी कोणी गप्प बसायचं, हे ठरवायला वेळ लागतो.

आलेख कागद आडवा धरा. पाच मिनिटं म्हणजे 300 सेकंद. दहा सेकंदांची एक चौकट धरली तर डावीकडून उजवीकडे 30 चौकटी. खाली भारदस्त आवाज, वर बारीक आवाज. आधाराला राखाडी, हाकेला निळा, खुणेला तांबडा रंग. एका उभ्या चौकटीत तिन्ही रंग एकाच उंचीवर आले की समजायचं, इथं भांडण लागणार. एकाला हलवा, नाहीतर खोडा.

मी सुचवेन तो आराखडा असा. पहिल्या चार चौकटी नुसता आधार. ऐकणाऱ्याला वाटू दे की काही सुरूच झालं नाही. (आधाराचं सलग एक मिनिटाचं रेकॉर्डिंग वेगळं घेऊन ठेवलेलं असलं पाहिजे. दोन तुकडे जोडताना मधली भेग बुजवायला तेच कामी येतं.) मग लांबून एकच ठोका. पुन्हा काही नाही. मग भट्टी, चर्र, बद्द बद्द. पुढच्या दहा चौकटींत बद्दचं खणखण होत जाऊ दे. खरं तर त्याला तासन्‌तास लागतात, पण आपण वेगवेगळ्या वेळचे तुकडे जवळजवळ ठेवून ते दीड-पावणेदोन मिनिटांत दाखवू शकतो. एखादा हॉर्न आला तर असू दे. तो त्या जागेचाच आहे, त्याला हाकलून आळी खोटी करायची नाही. पण एकच.

आणि मग येतो आपल्या रचनेचा गाभा, मठारकाम आणि पक्षी यांची जुगलबंदी. त्यासाठी थोडं गणित करू. घड्याळ लावून हातोडीचे ठोके मोजा, पक्ष्याचे टुक् मोजा. समजा, हातोडी मिनिटाला 120 आणि पक्षी मिनिटाला 110. दोघं एका क्षणी बरोबर एकत्र सुरू झाले. हातोडीचा ठोका दर अर्ध्या सेकंदाला, पक्ष्याचा त्याहून किंचित उशिरा. दुसऱ्या ठोक्याला पक्षी जरासा मागं पडला, तिसऱ्याला आणखी मागं. तीन सेकंदांनी काय होईल? पक्ष्याचं टुक् हातोडीच्या दोन ठोक्यांच्या जवळजवळ मधोमध पडेल. ठक्-टुक्-ठक्-टुक्! दोघांनी ठरवून वाजवावं तसं. आणि सहाव्या सेकंदाला हातोडीचे 12 आणि पक्ष्याचे 11 पुरे होऊन दोघं पुन्हा एका ठिकाणी. तबलेवाले म्हणतात तसे समेवर! पुन्हा पांगापांग, पुन्हा सहा सेकंदांनी सम. मिनिटाला दहा वेळा.

पक्षी 108 वर असेल तर सम किती सेकंदांनी येईल? कागदावर करून बघा. (उत्तर पाच सेकंद. हातोडीचे 10, पक्ष्याचे 9.) आणि 120 वर असेल तर? मग दोघं सुटणारच नाहीत, आणि खरं सांगायचं तर गंमतच जाईल. स्टीव्ह राइश या अमेरिकन संगीतकारानं 1965 मध्ये एकाच बोलण्याच्या दोन सारख्या फिती दोन यंत्रांवर लावल्या होत्या. यंत्रांच्या वेगात जरासा फरक, म्हणून फिती हळूहळू एकमेकींपासून सरकत गेल्या, आणि त्या सरकण्यातून जे उमटलं त्यातून त्यानं सबंध रचना उभी केली. आपल्याकडे तेच काम एक कारागीर आणि एक पक्षी करतील, तेही एकमेकांना न विचारता. या दोघांना एक डाव्या कानात, एक उजव्या कानात ठेवा. आवाज एका कानाला दुसऱ्यापेक्षा सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ आधी पोचला, तरी मेंदू दिशा ओळखतो. दोघं वेगळ्या बाजूंना ठेवले की सम आली ते मधोमध कळतं.

जुगलबंदीला आठ चौकटी द्या आणि मग हातोडी एकदम थांबवा. जेवणाची सुट्टी! काम करणारा माणूस जेवायला उठतो, पक्षी चालू राहतो. आणि इतका वेळ ठोक्यांखाली गाडलेलं सगळं वर येतं. पंख्याची किरकिर, कुणाच्या तरी घरातला रेडिओ, पायऱ्या उतरणाऱ्या चपला. हे आवाज मागून आणून चिकटवायचे नाहीत. रेकॉर्डिंग करताना सुट्टी होईपर्यंत तिथं थांबायचं, म्हणजे ते आपोआप मिळतात. हिल्डेगार्ड वेस्टरकॅम्प या व्हँकुव्हरमधल्या रचनाकार बाईंनीही 1989 मध्ये असेच गाडलेले आवाज वर आणले, पण वेगळ्या रीतीनं. त्या किट्सिलानो नावाच्या किनाऱ्यावर गेल्या. मागं शहराचा गुंगाट, पुढं खडकांना चिकटलेल्या बार्नॅकल नावाच्या कवचवाल्या जीवांची बारीक टिकटिक. (कोकणातल्या खडकांवरही ते असतात. ओहोटीला कान जवळ नेऊन बघा.) शहर जोरात, टिकटिक हळू. बाईंनी स्टुडिओत शहराचा खालच्या पट्टीचा आवाज गाळून टाकला आणि टिकटिक मोठी केली. त्यांच्या बोलण्यातूनच ही रचना पुढं सरकते आणि हे आपण केलंय हेही त्या ऐकणाऱ्याला सांगतात. पुढं त्यांनी दिल्लीतल्या फेरीवाल्यांच्या हाका घेऊनही रचना केली.

शेवटच्या तीन-चार चौकटींसाठी आळीतून निघून घरी यावं लागेल. भांडं घडलं, विकलं गेलं, आता ते पाणी भरायला लागलंय. नळाखाली रिकामी कळशी ठेवा आणि ऐका. पाणी चढतं तसा आत पडणाऱ्या धारेचा सूर चढत जातो, कारण वर उरलेली हवा कमी कमी होते आणि थोडी हवा जास्त भराभर कंप पावते. स्वयंपाकघरातून न बघता आई ओरडते ना, ‘भरली बघ, नळ बंद कर!’ ते याच सुरामुळे. आता धार चालू असतानाच कळशीच्या बाहेरून चमच्यानं हलकेच ठोकत राहा. कमाल बघा, ठोक्याचा सूर उतरत जातो! आत पाणी भरलं की पत्र्याला ते ओझं घेऊन थरथरावं लागतं, म्हणून तो सावकाश थरथरतो. एकाच कळशीत एकाच वेळी आरोह आणि अवरोह. दोन्ही एकत्र रेकॉर्ड करा आणि कळशी काठोकाठ भरली की रचना थांबवा. मागं घुमारा वगैरे काही जोडू नका.

पाच मिनिटं तयार झाली की पहिल्यांदा ती वर्गात वाजवू नका. आळीत जा आणि ज्यांच्या ठोक्यांवर हे सगळं उभं आहे, त्या काकांना हेडफोन लावून ऐकवा. त्यांच्या कानाला ठोका कच्चा आहे की पक्का, हातोडी कोणती, पत्रा जाड की पातळ, हे सगळं कळतं. ते म्हणतील, ‘इथं मठारकामाच्या जागी तू घडाईचा ठोका लावलायस.’ किंवा विचारतील, ‘आमच्या भात्याचा आवाज कुठाय रे?’ तसं झालं तर वही उघडा, त्या 30 चौकटींत भात्याला जागा कुठं निघते ते शोधा, आणि त्यासाठी कोणाला गप्प बसवायचं ते काकांनाच विचारा.